काशीकरांना घाबरवायचं कसं

आमच्या मंडळाने गणेशोत्सवात भुताचं नाटक केलं आणि लोक हसून हसून बेजार झाले. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षाची ही गोष्ट. नाटक पुण्याहून मागवलेलं होतं आणि मुळात ते कोकणातल्या एका गावात घडत होतं. पण मंडळाचे चिटणीस रत्नाकरराव यांना दर वेळी 'काहीतरी आपलं' हवं असतं. त्यांनी कोकणातली विहीर काढली आणि तिच्या जागी बनारसची गल्ली घातली. माझे यजमान बिंदुमाधव हे मंडळाचे कायमचे दिग्दर्शक. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं त्यांना फार चांगलं जमतं.

दुसऱ्या अंकात पांढरं लुगडं नेसलेलं भूत केस सोडून जिना उतरू लागलं. दिवे मंद झाले, पेटीवाल्याने एक सूर धरून ठेवला. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक म्हातारे गुरुजी भर सभेत म्हणाले, "अहो, काशीत मेलेल्याचं भूत कसं होईल? इथे मेला तो सुटला!" झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "पिशाचमोचन कुंडावर घेऊन जा रे हिला, तिथे भुतं सोडवतात! रिक्षा बोलावू का?" सगळं सभागृह खदखदायला लागलं. शेवटी भुतालाही हसू आवरेना आणि ते पदराने तोंड झाकून आल्या पावली जिना चढून गेलं.

मी विंगेत पुस्तक धरून बसले होते. मंडळाच्या नाटकांना वाक्यं पुरवायचं काम लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडेच. मीही हसले असते, पण हसले की मला खोकला येतो आणि एकदा आला की थांबत नाही.

त्या खोकल्याचं सांगायला हवं. आमचं बिऱ्हाड संकठा घाटाच्या वरच्या अंगाला. मणिकर्णिका अगदी शेजारी. तिथल्या चिता रात्रंदिवस जळतात आणि वारा फिरला की धूर आमच्या स्वयंपाकघरात येतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. त्या धुराबद्दल काशीत कुणी तक्रार करत नाही, कारण तो भाग्यवंतांचा धूर आहे. मीही कधी केली नाही. पण छातीला भाग्य कळत नाही. आधी थंडीपुरता खोकला असायचा, मग तो बारमाही झाला, मग जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागू लागलं. मध्ये एक हिवाळा आम्ही घाटापासून लांब, लंका मोहल्ल्यात भाड्याने राहून पाहिला. तिथे घरोघरी दगडी कोळशाच्या अंगीठ्या आणि वर धुकं. छातीला काही फरक पडला नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "बहनजी, अगली सर्दी इस शहर में मत काटिए।" कोरड्या हवेत जा म्हणाले. आमची लेक गीता पुण्यात असते. तिने एक खोली रिकामी करून ठेवली होती आणि ती दर पत्रात कधी येता म्हणून विचारायची.

अडचण होती ती आप्पांची. आप्पा म्हणजे माझे सासरे, ढुंढिराजशास्त्री. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही, असा संकल्प सोडला. तो त्यांनी असा पाळला की नातीच्या लग्नालाही ते पुण्याला आले नाहीत. एकदा ह्यांनी त्यांना नावेतून फिरवायला नेलं, तर मध्य धारेच्या अलीकडूनच त्यांनी नाव मागे वळवायला लावली. पलीकडच्या काठावर मरण आलं तर गाढवाचा जन्म मिळतो, यावर त्यांचा पक्का विश्वास. नजर गेलेली, घाटाच्या पायऱ्या उतरायला कुणाचा तरी हात लागतो, आणि जेवण घरचं, सोवळ्यातलं, माझ्या हातचं. त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं आणि नेता येत नव्हतं. हे म्हणायचे, "मी बोलतो आप्पांशी." श्रावण संपला की बोलतो. पितृपक्ष होऊ दे, बोलतो. संक्रांतीनंतर नक्की. असे दोन हिवाळे गेले. मी दोन्ही उशीला टेकून बसल्या बसल्या काढले.

भुताच्या फजितीनंतर हे बरेच दिवस घुश्शात होते. पुढच्या गणपतीच्या आधी पुन्हा तोच विषय निघाला. रत्नाकररावांनी चंगच बांधला होता की यंदा काशीकरांना घाबरवायचंच. हे भाजी निवडणाऱ्या माझ्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, "इथल्या लोकांना भीती कशाची वाटते, तेच कळत नाही. दारावरून दिवसाला पन्नास मुर्दे जातात, पोरं त्यांच्या मागून पतंग लुटत धावतात. ह्यांना घाबरवायचं तरी कसं?"

मी वैतागलेली होते. त्या दिवशी धूर फार होता. म्हणाले, "मरणाला कोण घाबरतंय इथे? पुलाची भीती घाला. एका म्हाताऱ्याला झोपेत उचला, गाडीत घाला आणि राजघाटचा पूल ओलांडून गंगेपलीकडे न्या. बघा कसे किंचाळतात."

हे माझ्याकडे बघतच राहिले. एरवी माझ्याकडे इतका वेळ ते कधी बघत नाहीत.

चार दिवसांत ह्यांनी नाटक लिहून काढलं. बँकेतून आले की चहासुद्धा न मागता लिहायला बसत. मला म्हणाले, "अगं, एका दगडात दोन पक्षी. आप्पा पहिल्या रांगेत बसतील. नाटक ऐकता ऐकता त्यांच्या मनाची तयारी होईल. मग दिवाळीच्या आत मी विषय काढतो." मला ते पटलं. दमलेल्या माणसाला काहीही पटतं. मी गीताला पत्र टाकलं की दिवाळीनंतर बहुतेक येतो, तिघंही.

तालमी सुरू झाल्या. नाटकातले म्हातारे शास्त्री ह्यांनी स्वतःकडे घेतले होते आणि ते हुबेहूब आप्पांसारखे बोलत होते. तोच खाकरा, सूनबाई म्हणून हाक मारायची तीच लकब. सुनेचं काम बकुळ करत होती. ही ह्यांच्याच बँकेत नवीन लागलेली मुलगी, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलणारी, मोठी गोड. म्हाताऱ्याला ताप येतो. सून त्याला दुधातून झोपेचं औषध देते आणि गाडीत घालते. मध्येच तो जागा होतो. डब्यात अंधार. तो विचारतो, "सूनबाई, अजून काशीच ना?" सून म्हणते, "हो आप्पा, अजून काशीच." आणि खोकते.

मी पुस्तकातून मान वर केली. पुस्तकात नुसतं 'खोकते' असं लिहिलं होतं, त्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. बकुळ खोकली ती मात्र माझ्यासारखी खोकली. आधी दोन कोरडे ठसके, मग श्वास ओढल्याची शिट्टी, मग हात छातीवर.

"काकू, ठीक जमलं ना?" ती मला हौसेने विचारू लागली. "तुमचं बघूनच उचललं. सर म्हणाले, एकदम परफेक्ट आहे."

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, "त्या सुनेला डॉक्टरने जा म्हणून सांगितलंय, हे नाटकात कुठे आहे?"

"खोकला आहे की."

"नुसत्या खोकल्यावरून कुणाला काय कळणार? ती त्याला का नेतेय, हे कुणालाच कळत नाही. आणि तिचा नवरा? तो नुसता कोपऱ्यात रडतोय."

"अगं, ते सांगत बसलं की भीती जाते," हे अगदी समजुतीने म्हणाले. "लोकांना तिची दया आली तर ते घाबरतील कसे?"

मला राग यायला हवा होता. आलाही असेल. पण रागवायलासुद्धा श्वास लागतो, आणि मला अजून पोळ्या करायच्या होत्या.

नाटकातली गाडी शरदने आणली. हा रेल्वेत नोकरीला. त्याने आपला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन काशी स्टेशन ते मुगलसराय अशा खेपा घातल्या आणि पुलाचा आवाज भरून आणला. बनारसमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला तो आवाज ओळखता येतो. जमिनीवर चाकं खडखडत असतात, तो आवाज एकदम पोकळ होतो, लोखंड वाजायला लागतं, आणि खालून पाण्याचा गार वारा आत येतो. मुंबईकडची गाडी तेव्हा आम्ही मुगलसरायहून पकडायचो, त्यामुळे माहेरी जाताना मला हा आवाज किती आवडायचा ते मी कुणाला कधी बोलले नव्हते.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बरीचशी मंडळी उतारवयातली. कुणी काशीवासासाठी नागपूर-साताऱ्याहून येऊन राहिलेले, कुणी आप्पांसारखे इथेच पिढ्यानपिढ्या. आप्पांना मी पहिल्या रांगेत बसवलं, अंगावर शाल घातली, आणि विंगेत माझ्या स्टुलावर जाऊन बसले.

पहिला अंक लोकांनी खात-बोलत पाहिला. दुसऱ्यात दिवे पूर्ण घालवले. अंधारात फक्त चाकांचा आवाज.

"सूनबाई, अजून काशीच ना?"

"हो आप्पा, अजून काशीच."

पाणी पिण्याचा आवाज. खोकला.

"खिडकी उघड पाहू. विश्वनाथाची घंटा ऐकू येत नाही."

"लांब राहिली आप्पा. पण अजून काशीच."

सभागृहातली कुजबुज थांबली. पंखे फिरत होते तेवढे ऐकू येत होते. मग शरदने आवाज मोठा केला आणि गाडी पुलावर चढली.

असला आवाज माणसांच्या तोंडून निघालेला मी कधी ऐकला नव्हता. किंकाळी नव्हती ती. शंभर-दीडशे म्हाताऱ्या माणसांनी एकदम श्वास आत ओढला आणि तो बाहेर सोडायलाच विसरली. कुणीतरी 'शिव शिव शिव' सुरू केलं. एक आजी उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "साखळी ओढा! अहो, कुणीतरी साखळी ओढा!" खुर्च्या पडल्या. कुणी अंधारात दाराकडे धावलं. मागची तरुण पोरंही हसत नव्हती. आणि त्या सगळ्या गोंधळात मला पहिल्या रांगेतून हाक ऐकू आली.

"कालिंदी! कालिंदी, मला उतरव गं!"

ते आप्पा होते. खरे आप्पा. इतक्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. आणि मुलगा समोर रंगमंचावर असताना त्यांनी हाक मारली ती मला.

मी पुस्तक टाकलं आणि विंगेतूनच जेवढा निघेल तेवढा आवाज काढला, "आप्पा, घाबरू नका! मी इथेच आहे. आपण काशीतच आहोत, आप्पा!" आणि मला खोकल्याची उबळ आली.

सभागृहाला वाटलं, नाटकातली सूनच बोलतेय. अंधारातून एक बाई किंचाळली, "खोटारडी!" दुसरी म्हणाली, "चेटकीण मेली!" मग पुष्कळजण. मी पदराचा बोळा तोंडात धरून खोकत होते आणि ते मला शिव्या देत होते. मला रडू आलं. मी खरं बोलत होते हो.

पडदा पडला. दिवे लागल्यावर लोक आपापले हात-पाय चाचपून बघत होते. रत्नाकरराव विंगेत नाचायचेच बाकी होते. "घाबरले! बिंदूभाई, काशीवाले घाबरले!" बकुळला शिव्या खाऊन कोण आनंद झाला होता. बायका मला भेटून सांगत होत्या की असली सून वैऱ्यालाही मिळू नये. मी बरं म्हणाले. आप्पा शालीत गुरफटून बसले होते. मी त्यांना धरून रिक्षात बसवलं. वाटेभर त्यांनी माझा हात सोडला नाही.

घरी ह्यांनी तोंडावरचा रंग पुसता पुसता माझ्याशी नजर न मिळवता सांगितलं, "पाहिलंस ना आप्पांना? आता मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? यंदाचा एक हिवाळा कसाही काढू या. पुढच्या वर्षी बघू."

"बरं," मी म्हणाले.

बरं म्हणायची इतकी सवय झाली होती की ते आपोआप निघालं. पण अंथरुणावर बसल्या बसल्या मला कळलं की ह्या माणसाने दोन वर्षांत विषय काढला नाही आणि आता तो न काढायला त्याने स्वतःच एक भक्कम कारण लिहून, बसवून, टाळ्या घेऊन उभं केलंय. तेही माझ्याकडूनच वाक्यं पुरवून घेऊन.

सकाळी हे बँकेत गेले. मी आप्पांचं दूध घेऊन गेले. ते पूजा आटोपून आसनावरच बसले होते, तांब्या-पळी समोर.

"आप्पा, मला बोलायचंय."

"बोल. कालपासून वाट बघतोय. बिंदूने ते नाटक माझ्यासाठी लिहिलं ना? मला नेणार आहात?"

"नाही. तुम्हाला कुणीही कुठेही नेणार नाही." मी खाली बसले. "मी जाणार आहे. एकटी. गीताकडे. डॉक्टर म्हणतात, इथे आणखी हिवाळा काढला तर मी वाचणार नाही."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "तुझा खोकला मी ऐकतो ना रोज. रोज विश्वनाथाला सांगतो, सूनबाईला इथेच ठेव म्हणून. वाईट वाटून घेऊ नकोस पोरी, पण इथे गेलीस तर सोनं होईल. लोक कुठून कुठून येतात त्यासाठी. तुला तर मणिकर्णिका दाराशी आहे."

ते हे अगदी मायेने बोलत होते. त्यामुळे मला चिडता येईना. म्हणाले, "आप्पा, मला सोनं नको. मला जिना चढता यायला हवाय. गीताला मूल होणार आहे, ते मला उचलून घ्यायचंय."

मला वाटलं, आता विचारतील, माझ्या जेवणाचं काय. मी उत्तर तयार ठेवलं होतं की तुमच्या मुलाला भात लावता येतो, बाकीचं तो शिकेल. पण त्यांनी ते विचारलं नाही.

"आणि तिकडे तुला काही झालं तर?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कालच्यासारखा झाला. "इथे मरताना विश्वनाथ कानात तारकमंत्र सांगतो, तिकडे कोण सांगणार? तू कुठे जाशील गं? कोणत्या जन्माला जाशील?"

ते घाबरले होते. काल स्वतःसाठी घाबरले होते त्याहून जास्त, आणि तेही माझ्यासाठी. सारं घर माझा खोकला ऐकत आलं होतं, पण माझ्यासाठी घाबरलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

बराच वेळ ते पुटपुटत बसले. मग चाचपत पळी उचलली, तांब्यात बुडवली.

"हात पुढे कर."

"कशाला आप्पा?"

"माझ्या काशीवासाचं अर्धं पुण्य तुला देतो. संकल्प करून देतो, म्हणजे तिकडे काही झालं तरी तुझं अडणार नाही."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्यांचा होता. सासूबाई गेल्यापासून त्यांनी दुसरं काही जमवलंच नव्हतं. त्यासाठी नातीचं लग्न सोडलं होतं, नावेतली हवा सोडली होती.

"आप्पा, आणि तुमचं?"

"उरेल त्यात भागेल माझं," ते म्हणाले. "कर हात."

मी हात पुढे केला. त्यांनी माझं नाव घेतलं, तिथी घेतली, सगळं रीतसर म्हटलं. पळी हलत होती, निम्मं पाणी आसनावर सांडलं, निम्मं माझ्या तळहातावर पडलं. मी रडत होते आणि मला खोकला येत नव्हता.

मग त्यांनी पळी जागेवर ठेवली, दुधाचा पेला चाचपून जवळ घेतला आणि म्हणाले, "थंडी पडायच्या आत नीघ. आणि पुलावर खिडकी लावून घे, वारं लागेल."